दोन्या ब्रियांदांचं मरण

"लिही," दोन्या ब्रियांदा म्हणाल्या. "मी आता चालले."

कारकून मेल्चोरने दौत उघडायची घाई केली नाही. वर्षभरातली ही तिसरी खेप. सेव्हिलच्या नदीपलीकडे, आमच्या त्रियानात, सगळ्यांची मृत्युपत्रं तोच लिहायचा. पण बाकीची माणसं लिहून झाल्यावर निदान मरायची तरी! ही कापडवाल्याची विधवा मात्र दर खेपेला पाद्र्याकडून मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं पवित्र तेल लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी उठून, रश्श्यात मीठ कमी पडलं म्हणून घर डोक्यावर घ्यायची.

तिला जगवत होती ग्योमार. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरून पोरवयात आणून विकलेली, तीस वर्षं ह्याच घरात गुलाम. म्हातारीचं अंग पुसणं, कूस बदलून देणं, भरवणं, सगळं तिच्याच गळ्यात. गेल्या खेपेच्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'मी मेले की ग्योमार मोकळी.' आता जिचं मरण म्हणजे आपली सुटका, तिलाच रोज कोंबडीचा रस्सा करून घालायचा. ह्याला काय म्हणावं? देवाला तरी काही वाटायला हवं होतं!

"आता काय बदलायचंय?" मेल्चोरने विचारलं.

"ग्योमार मोकळी, हे राहू दे. पण आधी तिने हेरेझ गावी माझ्या पुतण्याकडे, गास्पारकडे, दहा वर्षं काम करायचं. मग मोकळी."

ग्योमारच्या हातातला चमचा हवेतच थांबला. "बाईसाहेब, क्रुसावर हात ठेवून शब्द दिला होतात तुम्ही!"

"मग मोडला का मी? मोकळी करतेच आहे ना? बावळट कुठली! एकटी बाई, जाशील कुठे, खाशील काय? तुझ्याच भल्यासाठी जीव तुटतो माझा."

"पन्नाशी उलटेल हो माझी तोवर!"

"मी सत्तरीची आहे, मी रडतेय का? भरव, गार होतंय."

मेल्चोर वैतागला. "बाईसाहेब, आहे तेच राहू द्या की. दर चार महिन्यांनी हे काय?"

"तुला लिहायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही."

मेल्चोरने लिहून काढलं. साक्षीला आलेल्या पाववाल्याने आंगठा उठवला. म्हातारीची सही तेवढी राहिली.

"आणि गास्पारला कळव, म्हणावं," रश्श्यात भिजवलेला पाव तोंडात घोळवत दोन्या ब्रियांदा म्हणाल्या, "हिच्या हातचा..."

ठसका लागला. घास अडकला. म्हातारीचे डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, हात चादर ओढू लागले.

सही झाली नव्हती. ह्या घटकेला म्हातारी गेली, तर जुनंच मृत्युपत्र खरं आणि ग्योमार आजच मोकळी. मेल्चोरच्या ते ध्यानात आलं. पाववाल्याच्याही आलं. दोघंही जागचे हलले नाहीत.

ग्योमारने हातातली वाटी भिरकावली, म्हातारीला उपडं केलं आणि पाठीत दणका घातला. एक, दोन. तिसऱ्या दणक्याला पावाचा तुकडा पलंगाखाली जाऊन पडला.

म्हातारी बराच वेळ धापा टाकत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि ग्योमारचा हात घट्ट धरला. खरंच गहिवरली होती बया.

"पाहिलंत? अशी माणसं कुठे मिळतात का हो? माझ्या गास्पारला कोण आहे दुसरं!" ती म्हणाली. "मेल्चोर, दहा खोड. पंधरा लिही."

आणि तिने सही केली, चांगली ठसठशीत.

मेल्चोरला दारापर्यंत सोडायला ग्योमार जिना उतरून आली. त्याच्याच्याने राहवेना.

"अगं बाई, क्षणभर थांबली असतीस तर!"

"तेव्हा सुचलंच नाही हो मला!" ग्योमार ओरडली. "आत्ता सुचतंय! आत्ता!" तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि वरून हाक आली तशी रस्सा गरम करायला गेली.