ढीग परतण्याआधी

गावच्या खतप्रकल्पात आबांनी वीस वर्षं कचऱ्याचे ढीग फावड्यानं परतले. प्रत्येक ढिगाला हात घालण्याआधी ते शेडच्या पत्र्यावर फावडं तीनदा ठोकायचे आणि जरा थांबायचे.

"आबा, कुणाला जागं करताय?" सून हसायची.

"आतून तापतो गं हा. उबेला कुत्रं येऊन निजतं, उद्या एखादा माणूसही निजेल. उठवलेलं बरं."

यंदा ढीग परतायचं यंत्र आलं. ते चालवायला सून शिकली आणि ठार बहिरे झालेले आबा घरी बसले. पत्रा ठोकायचं तिनं सोडून दिलं. यंत्राच्या एवढ्या घरघरीत झोपून राहणार कोण?

ऐन थंडीतली सकाळ होती. ढिगांवर वाफ इतकी दाटली होती की पुढचं धड दिसत नव्हतं. तरी आबांचं आठवड्याचं काम तिनं तासाभरात उरकलं. यंत्र बंद केलं तोच सासूबाईंचा फोन आला.

 

"काम झालं असेल तर येताना ह्यांनाही घेऊन ये गं. थंडी सोसेना, ढिगात जरा उबेला पडतो म्हणून उजाडताच तिकडे आलेत."