लांब दांडा

“चेंडू कुठंही जाऊ दे गं, आपण ‘झकास, साहेब!’ म्हणायचं. तळ्यात गेला तरी झकास, झाडात गेला तरी झकास.” केसोन गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून, खेळणाऱ्यांची बॅग सांभाळायला लागली, त्या दिवशी तिथल्या सगळ्यांत जुन्या कॅडीनं, लमदुअन मावशींनी, हे बजावलं होतं. अकरा वर्षं तिनं ते पाळलं. आज मात्र पौर्णिमा. सकाळी विहारात अष्टशील घेऊन, खोटं न बोलण्याचं व्रत घेऊन ती कामावर आली होती, आणि सातव्या होलच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, तिच्या तोंडून ‘झकास’ काही केल्या निघेना.

तिचे आजचे साहेब, निवृत्त कर्नल थवीप, नव्या ड्रायव्हरसाठी, म्हणजे लांब फटक्याच्या काठीसाठी, दांडा निवडत होते. गोल्फच्या दुकानातला नोप दोन दांडे घेऊन आला होता: एक आखूड आणि जड, दुसरा लांब आणि हलका. चेंडूला लागणारं ड्रायव्हरचं डोकं तेच. नोप छोट्या किल्लीनं ते एका दांड्यावरून काढी, दुसऱ्यावर बसवी. गवतावर ठेवलेलं त्याचं यंत्र चेंडू किती उंच गेला, किती लांब गेला, ते दाखवत होतं.

आखूड दांड्यानं मारलेले चेंडू मधोमध पडले, एका चादरीत गोळा करता येतील असे. लांब दांड्याचे उंच उडाले, पंधरा यार्ड पुढे गेले. पण सहांतले दोन उजवीकडे वळून झाडांच्या कडेला कोसळले. तिथं चार बायका उकिडव्या बसून तण उपटत होत्या.

“उठा गं! पळा!” दोन्ही वेळा केसोन ओरडली. बायका टोपल्या टाकून धावल्या.

“केसोनताई, तुझ्या साहेबाला सांग,” त्यांतली एक लांबून किंचाळली, “तण आम्ही उपटतोय, आम्हालाच उपटू नको म्हणावं!”

“जीभ बघा यांची,” साहेब हसले.

केसोनला हसू आलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच टीवरून साहेबांचा चेंडू असाच उजवीकडे गेला होता. तिथं तिची धाकटी बहीण थोंगबाय तण काढत बसली होती. तिचा डावा डोळा गेला. साहेबांनी इस्पितळात टोपली पाठवली. आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून देतात त्या पाखराच्या घरट्याच्या अर्काच्या बाटल्या, वर गुलाबी रिबीन. थोंगबायनं उरलेल्या डोळ्यानं ती रिबीन पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

“लांबवाला,” साहेब म्हणाले. “हाच! रविवारच्या सामन्यात जनरलसाहेबांच्या पंधरा यार्ड पुढे. त्यांचं तोंड बघायचंय मला.”

नोपनं यंत्राकडे पाहिलं. “अंतर आहे साहेब, नाही असं नाही. पण हा तुम्हाला आवरत नाही. तिनांतला एक…”

“दोन तर जातात ना सरळ?”

“आणि तिसरा?”

हे केसोन बोलली होती. साहेबांनी वळून पाहिलं, जणू बॅगेलाच वाचा फुटली होती.

“तिसऱ्याला ओरडायचं. तू आहेस ना? गळा चांगलाय तुझा.”

“थोंगबायच्या वेळीही ओरडले होते, साहेब. चेंडू आधी पोचला.”

“ते झालं ते झालं. टोपली पाठवली ना मी? आता काय पाया पडू तिच्या?”

शील घेतलेल्या दिवशी राग गिळायचा असतो. केसोननं तो गिळला. पण तो खाली उतरेना. ती हळू आवाजात म्हणाली,

“हा दांडा लावलात, साहेब, तर पुढचा चेंडू माराल तेव्हा मी तिथं बसलेली असेन. थोंगबायच्या जागेवर.”

“धमकी देतेस मला?”

“नाही. वचन देते.”

नोपची किल्ली हवेतच राहिली. साहेब खो खो हसले. “ऐकलंस रे? अख्खी पलटण माझ्या एका शब्दावर उठायची नि बसायची. आणि आता ही बॅग ढकलणारी मला शिकवणार, दांडा कुठला घ्यायचा!” हसता हसता त्यांचा चेहरा लाल झाला आणि मग हसू गेलं, लाली तेवढी राहिली. “लांबवाला आवळ.”

“साहेब, मी म्हणतो, एकदा…”

“आवळ म्हटलं ना!”

नोपनं किल्ली फिरवली. कट्ट आवाज झाला. त्यानं मान वर केली नाही.

केसोननं ड्रायव्हरचं डोकं टॉवेलानं पुसलं आणि दोन्ही हातांनी ड्रायव्हर साहेबांपुढे धरला. टीची छोटी खुंटी जमिनीत खोचली, तिच्यावर चेंडू ठेवला, जरासा फिरवून त्याच्यावरची रेघ मैदानाच्या ऐन मध्यावर लावली. कामात खोट काढायला तिनं कधी जागा ठेवली नव्हती. बॅगेची गाडी तिनं नोपजवळ नेऊन नीट लावली आणि उजव्या कडेनं, तण काढणाऱ्या बायका होत्या त्या झाडांकडे चालू लागली.

“ए! कुठं निघालीस? गाडी कोण ढकलणार?”

ती थांबली नाही. उन्हापासून वाचायला तोंड कापडानं घट्ट बांधून घ्यायचं, डोळे तेवढे उघडे ठेवायचे, ही इथल्या सगळ्या कॅडींची रीत. इतक्या वर्षांत साहेबांनी तिचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. चालता चालता तिनं हात मानेमागे नेले आणि कापडाची गाठ सोडायला घेतली.