दोराचं दुसरं टोक

भांडणात वल्हं डोक्यात घालून होडीवरच्या जोडीदाराचा जीव घेतल्याबद्दल सात वर्षं तुरुंगात काढून पोशा थळच्या कोळीवाड्यात परतला, तेव्हा एकाही होडीने त्याला कामावर घेतलं नाही. शेवटी हिराजी तांडेलाने त्याला आपल्या होडीवर घेतलं. हिराजीची बायको म्हणाली, "घ्या की! पन आदी माझं कुंकू पुसून जा."

तिसऱ्याच दिवशी जाळं पाण्याखाली खुंटाला अडकलं. होडीवर दोघंच होते आणि पोशाचा दम आता टिकत नव्हता, त्यामुळे बुडी मारणं हिराजीलाच भाग होतं. कमरेला दोर बांधून त्याने दुसरं टोक पोशाच्या हातात दिलं.

"दोन हिसके दिले का वढ."

"आनि न्हाय दिलेस तर?" पोशाने विचारलं.

हिराजीने कमरेची गाठ पुन्हा एकदा आवळली. मग त्याने उडी घेतली.

तीन वाव, म्हणजे तीन पुरुष खोल, गढूळ पाण्यात, जाळं सोडवता सोडवता त्याचा पायच जाळ्यात गुंतला. त्याने दोन हिसके दिले. क्षणभर काहीच झालं नाही. बायकोचे शब्द त्याच्या कानात वाजू लागले. मग असा हिसका बसला की पाय सुटला, पण कमरेची कातडी सोलून निघाली.

होडीत पडल्या पडल्या त्याने पाहिलं, तर दोराचं दुसरं टोक पोशाने स्वतःच्या कमरेला गाठ मारून बांधलं होतं.

"ह्ये काय रं येड्या? मी बुडलो असतो तर तूबी गेला असतास!"

"मंग काय करू, दादा? तुजं मढं घेऊन बंदरावर गेलो असतो, तर माझं कोन आयकनार व्हतं?"