वेगळी पोती

तेजाबाच्या टाकीतून याही खेपेला सोनं कमीच निघालं, तेव्हा चिकलठाण्याच्या शेडचे मालक काकासाहेब मल्हारीला म्हणाले, निवडणाऱ्यांतलं कुणीतरी पितळ मिसळतंय, आता एकाला घरी बसवावं लागेल.

निवडणारे दोघंच. जुन्या टेलिफोन यंत्रांतल्या सोन्याचं पाणी दिलेल्या पिना एकीकडं, नुसत्या पितळेच्या दुसरीकडं. मल्हारी कन्नडकडचा धनगर. शंभर मेंढरांत आपलं कोकरू ओळखणारा माणूस. त्याला पिना ओळखायला काय लागतंय! राहिली भामाबाई.

विद्यापीठाच्या नामांतराला महिनाही झाला नव्हता. वाळूजला नवे कारखाने उठत होते, पण भामाच्या वस्तीचं नाव ऐकलं की फाटक बंद. शेवटी मल्हारीनंच तिच्यासाठी शब्द टाकला होता. आता तिला काढलं तर लोक म्हणणार, नामांतराचा डूख धरला. नाही काढलं तर आपली भाकरी जाणार. माणसानं करावं तरी काय?

तो तिच्यावर नजर ठेवू लागला. शेडमधला बल्ब मंद झालाय म्हणून अलीकडं तो दारापाशीच बसायचा. एकदा चहा पिऊन परतला, तर भामाचा हात त्यानं निवडलेल्या पिनांत. पदराच्या ओट्यात पिवळ्या पिना. त्याला बघून ती चपापली. मल्हारीला लई वाईट वाटलं. जिला आपण आणलं, तिनंच आपल्या अन्नात माती कालवावी?

मग त्यानंच काकासाहेबांना तोड सुचवली. आठवडाभर दोघांनी वेगळं निवडायचं, पोती वेगळी, टाकीतही वेगळीच जायची.

संध्याकाळी भामा त्याच्या मागं आली. "मामा, ढीग एकच राहू द्या. पाया पडते."

"का गं? मन खातंय व्हय?"

"तुमच्यामुळं माझी चूल पेटती," एवढंच ती बोलली.

आठवडा सरला. दोन्ही पोत्यांची तोंडं मल्हारीनं स्वतः शिवली. दाभणात सुतली मात्र नेहमीसारखी भामानंच ओवून दिली.

टाकी झाल्यावर काकासाहेबांनी दोघांना बोलावलं. मल्हारीचा राग तोवर निवला होता. ते तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "एक डाव माफ करा तिला. लेकराबाळाची बाई आहे."

काकासाहेब म्हणाले,

"तिच्या पोत्यात पितळेचा तुकडा नाय, मल्हारी. सगळं पितळ तुझ्याच पोत्यात निघालं."