पाचच्या आत बंदूक

कायदा पाळणाऱ्या माणसाला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नसतं, असं हैबतराव म्हणाले. म्हणताना त्यांचे दोन्ही हात वर होते.

निवडणूक लागली होती. परवान्याची बंदूक आज पाचच्या आत ठाण्यात जमा करा, नाहीतर परवाना रद्द, अशी नोटीस आली होती. म्हणून आजोबांची एकनळी बंदूक गोधडीत गुंडाळून, काडतुसं नियमाप्रमाणे वेगळ्या डब्यात ठेवून ते जीपने निघाले आणि साडेचारला नाकाबंदीत अडकले.

"आचारसंहितेत बंदूक घेऊन फिरता येत नाही," हवालदार म्हणाला.

"फिरतोय कुठं? जमा करायला चाललोय. तुमच्याच ठाण्यात!"

"मग जमा केल्याची पावती दाखवा."

"ती जमा केल्यावर मिळते ना!"

"म्हणजे जमा न करताच रस्त्यावर आणलीत?"

शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. "भाऊ, मग तुम्हीच घेऊन जा ती."

"आम्हाला कशी नेता येईल, वहिनी? परवाना साहेबांच्या नावावर आहे."

शेवटी हवालदारच जीपमध्ये बसला. पाचला चार मिनिटं कमी असताना घराण्याची इभ्रत ठाण्याच्या टेबलावर उतरली. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

ठाणे अंमलदाराने बंदूक उघडून नळीतून खिडकीकडे पाहिलं. खिडकी दिसली नाही. मग त्याने रजिस्टरात लिहिलं: बंदूक एक. नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर. आत माशी राहते.