दुपारचा भाव

"पाणी साधंच आणा," वेटरने बाटलीच्या झाकणाला हात घालायच्या आत सून म्हणाली.

वेटर गोड हसला आणि बाटली परत घेऊन गेला. नवऱ्याने मेनूकार्डाच्या आड तोंड लपवलं. तो बायकोला 'तिजोरी' म्हणायचा, पण आज तिला नावं ठेवायची सोय नव्हती. पाळण्यांच्या बागेतल्या बड्या रिसॉर्टचं हे जेवणघर, काचेपलीकडे गरगरणारं मोठं चाक, टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड. इथे आपण बसलोय ते तिच्याच चिकटपणाच्या कृपेने, हे तो जाणून होता. राहायची खोली फाटकाबाहेरच्या साध्या लॉजवर, बरोबरच्या त्यांच्या लहान पोरीचं पोट तिथल्या नाश्त्यावर टम्म भरलेलं आणि जेवायची वेळ दुपारची. दुपारी तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, भाव मात्र निम्मा. रात्री इथल्या पायरीवरही उभं राहायची हिंमत झाली नसती.

"तरी आपल्या दोघांत एकच मागवायचं," सुनेने बजावलं. "आईंना मात्र त्यांची वेगळी डिश."

आई, म्हणजे तिची सासू, खुर्चीत अंग चोरून बसली होती. आजारातून उठली, हिंडूफिरू लागली, पण औषधांनी तोंडाची चव नेली ती नेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल. तेव्हापासून समोर काहीही ठेवा, दोन घास खाऊन ती म्हणायची, "छान झालंय." करपलेलं छान, कच्चं छान. एकदा घाईत साखरेऐवजी मीठ पडलेला चहाही तिने छान म्हणून संपवला, आणि सून दार लावून रडली. त्या 'छान'ची तिला आता धास्तीच बसली होती. घरचे सगळे उपाय थकले तेव्हा तिच्या मनाने घेतलं, की खऱ्या मोठ्या आचाऱ्याच्या हाताला तरी यश येईल.

वेटरने अंगठ्याएवढ्या चार कपांतून सूप आणून ठेवलं.

"हे आम्ही नाही सांगितलं," सून घाईघाईने म्हणाली.

"हे आमच्याकडून, ताई."

"फुकट ते पौष्टिक," नवरा पुटपुटला. पोरीने कप एका घोटात रिकामा केला आणि तळाशी काही उरलंय का ते डोळा लावून पाहिलं. सूप झकास होतं. सुनेने सासूकडे पाहिलं.

"छान आहे हो," सासू म्हणाली आणि कप खाली ठेवला.

सुनेने मान खाली घातली. एवढं सगळं करून पुन्हा तेच.

मग डिश आल्या. सासूची बशी परातीएवढी, आणि तिच्या मधोमध पांढऱ्या सॉसमध्ये अळंबीचे थोडेसेच तुकडे, वाट चुकल्यासारखे.

"आई, शोधून शोधून खा हं," नवरा म्हणाला.

सासूने एक घास घेतला. दुसरा घेतला आणि तिचा चमचा थांबला. कपाळाला आठी पडली. तिने जीभ तोंडातल्या तोंडात फिरवली.

"अगं," ती सुनेला म्हणाली, "यात मीठ कमी आहे."

नवऱ्याचा काटा हातातच राहिला. सुनेने रीतभात गुंडाळून ठेवली, सासूच्या बशीतला सॉस बोटावर घेतला आणि चाखला. खरंच कमी होतं. किंचितच, पण कमी होतं.

तेवढ्यात वेटर आला. "सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम, उत्तम!" नवरा घाईने म्हणाला.

"उत्तम कसलं डोंबलाचं?" सासू म्हणाली. "तुमचा आचारी मीठ घालायला विसरलाय बाबा."

वेटरचा चेहरा उतरला. "माफ करा आजी, लगेच बदलून आणतो."

"बदलू नका!" सुनेने बशी दोन्ही हातांनी धरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "आणि आत जाऊन त्यांना सांगा, फार उपकार झाले. त्यांचं भलं होवो म्हणावं."

मीठ कमी पडलं म्हणून आभार मानणारं गिऱ्हाईक त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो "बरं, सांगतो" म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

"तू कशाला रडतेस?" सासू म्हणाली. "तू थोडंच केलंयस ते?"

सुनेने इस्त्रीच्या नॅपकिनला डोळे पुसले. मग नवरा हात लावणार तोच तिने त्यांच्या दोघांतली ती एकुलती एक डिश ओढून सासूपुढे सरकवली.

"आई, आता हे घ्या. सांगा बघू, यात काय कमी आहे?"