भिंतीतली ओल

दोन हजार अकरा साल. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात पाच वर्षांच्या पोरीचा ताप काही केल्या उतरेना. रक्ताच्या तपासणीत बुरशीचा अंश निघाला. ती शरीरात आतवर शिरली असावी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शिरेल नाही तर काय!" आजी भर वॉर्डात सुनेवर कडाडली. "माझ्या संसारात साध्या बरणीला कधी बुरा चढला नाही, आणि हिच्या भिंतीला मिशा फुटल्यात! तुझं बोट लागलं तरी पोरीला बाधेल. हो बाहेर."

सून बाहेर झाली. घरी जाऊन तिने न्हाणीघरामागची ओली भिंत खरवडली, ब्लीचिंग पावडरने धुतली, परत धुतली. दवाखान्यात आली ती दाराच्या काचेबाहेरच उभी राहिली.

"आई कुठंय?" पोर विचारायची.

"येईल हं, सोनुल्या," म्हणत आजी काचेकडे पाठ करून बसायची.

बुरशीवरचं औषध जहाल. पोर ओकून ओकून चिपाड झाली. स्कॅनमध्ये मात्र काहीच दिसेना, म्हणून बाईंनी रक्त पुन्हा पाठवलं. त्यात बुरशी नव्हती.

"पहिलं रक्त कधी काढलं होतं?" त्यांनी नर्सला विचारलं.

"ती प्रतिकारशक्तीची बाटली चढवल्यावर. आजी म्हणाल्या, पोर आधीच पांढरी पडलीय, बाटली चढू दे, मग टोचा."

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या बाटलीतल्या औषधानेच ही तपासणी फसते हो. नसलेली बुरशी आहे म्हणते. चूक आमची, आजी. आम्ही तुमचं ऐकायला नको होतं."

"म्हणजे... भिंत?"

"भिंतीचा काही संबंध नाही."

आजी उठली. दार उघडलं. सून काचेबाहेर उभीच होती. "ये," एवढंच म्हणाली.

सुनेने हात मागे लपवले. बोटांची सालटी निघाली होती. "नको, आई. अजून नखांत असेल."

ताप पुढे उतरला. पोर वाचली, आता कॉलेजात जाते, आईशी कडाकडा भांडते. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी गेल्या. त्या दिवसाचा विषय घरात कुणी काढला नाही.

शेवटची वर्षं आजी अंथरुणाला खिळली होती. सून भरवायला बसली, तिची बोटं तोंडाशी आली की आजी डोळे घट्ट मिटून घ्यायची. येणारेजाणारे म्हणायचे, म्हातारीला गिळताना फार त्रास होतो.